मार्चमध्ये आमचा डंक बंद होता

(जानेवारी २०२६ मध्ये प्रभागसंघाच्या वार्षिक सभेला जोडून हळदीकुंकू झालं. त्या वेळी मसाला करणाऱ्या एका उत्पादक गटाच्या हिशेब बघणाऱ्या ताईंनी ‘आपला धंदा आणि कर’ या विषयावर भाषण केलं. बोलण्याची भाषा शक्यतो आहे तशी ठेवली आहे.)

तिळगूळ मिळाला ना सगळ्यांना? मागच्या रांगेत वाण पोचलं नाही असं दिसतंय, ते तेवढं बघा कुणीतरी.

मला सांगितलं, करावर बोला. मी म्हटलं, हळदीकुंकवाला कर? बाया उठून जातील. पण अध्यक्षताई म्हणाल्या, तुमच्या मार्चची गोष्ट सांगा, कुणी उठणार नाही. म्हणून तीच सांगते. चूक माझी होती, तेव्हा सांगायला मलाच पाहिजे.

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आमचा गट काळं तिखट करतो, पापड करतो, थोडं लोणचं. डंक आहे, पॅकिंगचं छोटं मशीन आहे. अकरा बाया रोज कामाला, तीनशे रुपये हजेरी. तुम्हाला माहीतच आहे, तिखटाचा खरा हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते मे. नवी मिरची तेव्हाच येते, ऊन तेव्हाच असतं आणि वर्षाचं तिखट घरोघर तेव्हाच भरतात. अशा वेळी, मार्च २०२५ मध्ये, आम्ही डंक बंद ठेवला. चोवीस दिवस.

का? तर फेब्रुवारीअखेर मी वही बेरजेला घेतली आणि वर्षाची विक्री निघाली ३८ लाख ६० हजार. आमच्या ओळखीच्या एकांनी सांगून ठेवलेलं, ‘४० लाखाच्या वर गेलात की जीएसटी लागतो, सगळ्या विक्रीवर १८ टक्के, मागच्या सगळ्याचा हिशेब काढतात.’ मी घाबरले. मीटिंगमध्ये सांगितलं, आता ३१ मार्चपर्यंत काम बंद, एक एप्रिलला नवीन वर्षाचा हिशेब शून्यापासून सुरू होतो, तेव्हा डंक चालू करू. सगळ्यांनी माना हलवल्या. अकरा बायांची चोवीस दिवसांची हजेरी किती होते? ७९ हजार २०० रुपये. एकीच्या मुलीची परीक्षा फी त्यात होती. ती काही बोलली नाही, पण मला नंतर कळलं.

मग मेमध्ये मी तालुक्याला एका जाणत्या कर सल्लागारांकडे गेले आणि विचारलं की आम्ही मार्चमध्ये चालूच ठेवलं असतं तर किती कर बसला असता? त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. समजा मार्चमध्ये आणखी ६ लाखांची विक्री झाली असती. म्हणजे वर्षाची ४४ लाख ६० हजार. ४० लाख ओलांडल्यावर तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. मागच्या ४० लाखांवर कर नाहीच. पुढच्या ४ लाख ६० हजारांवर, तोही १ टक्का. किती झाला? ४ हजार ६०० रुपये.

चार हजार सहाशे वाचवायला मी बायांचे एकोणऐंशी हजार घालवले.

तर हा १ टक्का कुठून आला, ते नीट समजून घेऊ, कारण ते सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. तेव्हा नोंदणीची मर्यादा २० लाख होती. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या विक्रीसाठी ती आपल्याकडे ४० लाख केली. सेवेसाठी २० लाखच आहे. म्हणजे मसाला, पापड, शिवून विकलेले कपडे हा माल. दुसऱ्याचं कापड घेऊन नुसती शिलाई मारून दिली, मेस चालवली, जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या, तर ती सेवा. मेसवाल्या बायांनो, तुमची रेष वेगळी आहे, हे लिहून घ्या.

आता जो छोटा आहे त्याच्यासाठी एक वेगळं दार ठेवलंय. त्याला कंपोझिशन म्हणतात. दीड कोटीपर्यंत वर्षाची विक्री असेल तर माल तयार करणाऱ्याने आपल्या विक्रीच्या १ टक्का भरायचा, विषय संपला. बिलाबिलाचा हिशेब नाही, तीन महिन्यांनी एकदा पैसे भरायचे, वर्षाला एक विवरण. नोंदणी करतानाच हे दार निवडता येतं. मेसवाल्यांना तेच ५ टक्के. नुसती सेवा देणाऱ्यांना ६ टक्के, आणि तीही ५० लाखांपर्यंतच.

पण दाराला कडी आहे बरं का. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, तो १ टक्का आपल्याच खिशातून जातो. कच्च्या मालावर, पाऊचवर आपण भरलेला जीएसटी परत मिळत नाही. पाटीवर आणि बिलावर ‘कंपोझिशन करदाता’ असं लिहावं लागतं. आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. ही शेवटची अट आमच्यासारख्या हद्दीवरच्या गावाला फार लागते, तिच्याकडे मी येते.

त्याआधी पापडाचं सांगते, कारण त्यात आमच्यासारखे अनेक गट फसतात. पापडाला जीएसटी नाही. पहिल्यापासून नाही. म्हणून बाया म्हणतात, पापडाची विक्री धरूच नका. तसं नाही. तुम्ही फक्त पापडच करत असाल तर ४० लाख काय, एक कोटी विका, नोंदणी लागत नाही. पण पापडाबरोबर तिखट किंवा लोणचं, म्हणजे कर लागणारा माल असला, की पापडाची विक्रीसुद्धा ४० लाखांत मोजतात. आमच्या ३८ लाख ६० हजारांत ९ लाखांचे पापड होते. कंपोझिशनमध्ये गेल्यावर तो १ टक्काही पापडासकट लागतो, कारण आपण माल तयार करणारे. नुसत्या व्यापाऱ्याला फक्त कराच्या मालावर लागतो. मला हे अन्यायाचं वाटतं. पण नियम आहे तो असा आहे.

आणि मोजणी पॅनवर होते. गटाचं पॅन असेल तर गटाची विक्री. पण कित्येक गटांत सगळा व्यवहार एका ताईच्या नावावर चालतो, तिच्याच पॅनवर. तिचं घरचं किराणा दुकानही त्याच पॅनवर असलं तर दोन्ही मिळून ४० लाख. नवऱ्याच्या पॅनवरचं दुकान धरत नाहीत. मला एक-दोघींनी विचारलंय, ‘ताई, दोन नावांनी दोन बिलबुकं केली तर?’ एकच डंक, एकच पाऊच, त्याच बाया, आणि बिलं दोन नावांनी. ती चोरी आहे. सापडल्यावर कर भरावा लागतो, व्याज लागतं, दंडही लागतो, आणि गटाचं नाव जातं. ते करू नका.

बरं, १ टक्काच आहे तर मग सगळ्यांनी उद्याच रेष ओलांडायची का? नाही. इथं थांबा जरा. सल्लागारांनी मला दुसरा कागद दाखवला, तो जास्त महत्त्वाचा.

पहिल्या वर्षी कर फक्त ४० लाखांच्या पुढच्या विक्रीवर लागतो. पण दुसऱ्या वर्षी तुमची नोंदणी आधीच झालेली असते. मग पहिल्या रुपयापासून १ टक्का. आता समजा दुसऱ्या वर्षी विक्री ४१ लाख झाली. कर ४१ हजार. विवरणं भरून देणाऱ्याची फी, आम्हाला वर्षाला १२ हजार सांगितली. झाले ५३ हजार. आणि वरच्या एका लाखाच्या विक्रीतून आम्हाला मजुरी वजा जाता मिळतात १० हजार. म्हणजे एक लाख जास्त विकून ४३ हजारांनी खड्ड्यात. जिला हे कळतं ती ३९ लाखांवर थांबते, आणि तिला वेडी म्हणता येत नाही.

मग कुठं जमतं? आमच्या दहा टक्के नफ्याने हिशेब केला तर ४६ लाखांना. तिथं ६ लाख जास्तीची विक्री, त्यातून ६० हजार. कर आणि फी मिळून ५८ हजार. म्हणजे जेमतेम बरोबरी. पण ही बरोबरी गटाच्या नफ्याची. बायांची जास्तीची हजेरी आधीच मिळालेली असते, ती ह्यात धरलेली नाही. ५० लाखांच्या पुढं गेलं की मग नफासुद्धा उरायला लागतो. तुमचा नफा वेगळा असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल. म्हणून ओलांडायची असेल तर पुढं काय विकणार, कुणाला विकणार, हे ठरवून ओलांडायची. ४० लाखांवर जाऊन घुटमळायचं नाही.

इथंच मला सरकारला काही सांगायचं आहे. आयकरात बघा. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या माणसाला कर लागत नाही. त्याचं उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर एकदम साठ हजार कर लावत नाहीत. वर गेलेल्या दहा हजारांपेक्षा जास्त घ्यायचा नाही अशी सोय ठेवलीय, उपकर काय तो वेगळा. नोकरदाराची पायरी अशी घासून सपाट केली. मग डंक चालवणाऱ्या बाईची का नाही? पहिली दोन-तीन वर्षं फक्त ४० लाखांच्या वरच्या विक्रीवरच १ टक्का घ्या. सरकारचं फार जाणार नाही, कारण नाहीतरी त्या बाया ३९ वर थांबून काहीच भरत नाहीत. आणि मार्चमध्ये कुणी डंक बंद करणार नाही. प्रभागसंघाने हे ठराव करून वर पाठवावं अशी माझी विनंती आहे.

आता विजयपूरचं. तिथल्या एका व्यापाऱ्याने आमचं काळं तिखट नेऊन बघितलं आणि महिन्याला दोनशे किलो मागितलं. ते आमच्या हद्दीच्या पलीकडंच. पण राज्य वेगळं. राज्याबाहेर कराचा माल पाठवायचा तर ४० लाखांची सवलतच नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी पाहिजे, आणि कंपोझिशन चालत नाही, साधी पूर्ण नोंदणीच लागते. अक्कलकोटला दर्शनाला आलेला कर्नाटकातला भाविक आपल्या स्टॉलवरून रोखीने चार पाकिटं घेऊन गेला तर ती विक्री इथलीच. पण तेच तिखट आपण गाडीत भरून त्याच्या दुकानात पोचवलं की बाहेरची. गेल्या वर्षी आम्ही त्या व्यापाऱ्याला नाही म्हणालो. पापड पाठवता आले असते, त्यांना कर नाही, पण त्याला तिखटच पाहिजे होतं.

पूर्ण नोंदणीत काय होतं? तिखटावर ५ टक्के. ते आपण दुकानदाराकडून बिलात घेतो. मिरची, मसाल्याचे जिन्नस व्यापाऱ्याकडून घेताना आपण ५ टक्के भरलेले असतात, पाऊचवर १८ टक्के. ते वजा करून उरलेले सरकारला भरायचे. आम्ही ५० लाखांचा कच्चा हिशेब काढला. दुकानदारांकडून आलेला कर अडीच लाख, आम्ही खरेदीत भरलेला १ लाख ८४ हजार, भरायचे ६६ हजार. आणि हे ६६ हजार आमच्या खिशातले नाहीत, दुकानदाराने दिलेले. दुकानदारही तो कर पुढं आपल्या हिशेबात वजा करतो. म्हणून मोठा दुकानदार कराचं बिल मागतो, कंपोझिशनवाल्याचा माल त्याला महाग पडतो. उलट जत्रेत, आठवडी बाजारात घरच्या गिऱ्हाइकाला विकता तेव्हा ती काय वजा करणार? तिला पाकिटाची किंमत कळते. तिथं आमच्या हिशेबात दोन्ही दारांनी खर्च जवळजवळ सारखाच आला, आणि कंपोझिशनची लिखापढी कमी. तेव्हा आधी बघा, आपलं गिऱ्हाईक कोण आहे. तुमच्या वहीत दुकानदार जास्त की घरच्या बाया? त्यावरून दार निवडा.

दर बदलले तेही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणच्यावरचा १२ टक्क्यांचा दर ५ झाला. शिलाई मशीनवरचाही १२ चा ५ झाला, कागदी खोक्यांवरचाही. कंपोझिशनचा १ टक्का आहे तोच आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी तर १ ऑक्टोबर २०२३ पासून वाट मोकळी झालीय. नोंदणी नसलेला छोटा विक्रेताही आपल्या राज्यात ऑनलाइन कंपन्यांमार्फत माल विकू शकतो, नुसता एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आधी तसं नव्हतं.

कर माफ झाला म्हणजे भलंच झालं असंही नाही, हे पॅड करणाऱ्या गटांना विचारा. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के कर काढला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. वापरणाऱ्या बाईसाठी ते बरोबरच झालं. पण माल करमुक्त झाला की कच्च्या मालावर भरलेला कर वजा करता येत नाही. तो खर्चात जाऊन बसतो. कापूस, लगदा, चिकटपट्टी, सगळ्यावरचा. करमुक्त हा शब्द ऐकला की मी आता आधी विचारते, कुणासाठी?

आता उधारीचं. कामाला माणूस वाढवायचं तर पैसा हातात पाहिजे, आणि आपला पैसा दुकानदारांकडे अडकलेला असतो. एका हॉटेलवाल्यांनी आमचे ६२ हजार सत्तर दिवस ठेवले होते. हजेरी द्यायला मी बचतीतून पैसे काढले. इथं आयकराचा एक नियम आपल्या कामाचा आहे. २०२३-२४ या वर्षापासून तो आहे. आपली उद्यम नोंदणी असेल, आपण माल तयार करणारे किंवा सेवा देणारे असू, तर लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत आपले पैसे द्यायला लागतात. नाही दिले आणि वर्ष संपलं, तर ती खरेदी त्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्याचा आयकर वाढतो. जे रीतसर हिशेब ठेवून आयकर भरतात त्यांना हे बरोबर लागतं. उद्यम नोंदणी फुकट आहे, मोबाइलवरून होते, बचत गटाच्या नावानेही होते. आम्ही बिलावर उद्यम क्रमांक छापला. हॉटेलवाल्यांना मी एवढंच म्हटलं, ‘दादा, मार्चच्या आत द्या, नाहीतर तुमचे सीए तुम्हालाच विचारतील.’ चाळिसाव्या दिवशी पैसे आले. काही व्यापारी मात्र म्हणतात, उद्यम असेल तर तुमच्याकडून घेतच नाही. असे असतात. त्यांना माल द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

राहिली कामाला बाया लावण्याची गोष्ट. सरकारची एक योजना चालू आहे, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७. नवीन माणूस कामाला घेतलं तर मालकाला दर माणसामागं महिन्याला ३ हजारांपर्यंत, दोन वर्षं. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर निदान दोन नवी घ्यायला पाहिजेत. चांगली आहे. पण सगळं प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदीवर चालतं. आपल्या गटात पीएफ कुठला? आपल्यात मालकीणही तीच आणि मजूरही तीच. आमच्या अकरा जणी त्या कागदात कुठं बसतच नाहीत. मोठ्या कारखान्याने शंभर पोरं घेतली तर त्याला मिळतं, आम्ही दोन विधवा बाया घेतल्या तर नाही. गटाच्या हजेरीपुस्तकाला, बँकेतून दिलेल्या मजुरीला पुरावा मानलं तर हीच योजना आपल्यापर्यंत येईल. हाही ठरावात घाला.

ज्या गटांनी पगारी माणूस ठेवलंय त्यांच्यासाठी एक सांगते. महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बाईला महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही. आधी मर्यादा १० हजार होती, २०२३ मध्ये वाढवली. आणि हा व्यवसाय कर आला कशासाठी माहितीय का? १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळात माझी सासू खडी फोडायला जायची. पुढं रोहयो कायद्याने पक्की झाली, तेव्हा बांधावर तिला जी हजेरी मिळायची त्यात मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून कापलेले पैसे असायचे. वि. स. पागे साहेबांनी ती योजना मांडली होती. सासूबाईंना हे मी मागच्या महिन्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग आता तुम्ही भरा की, कुणाचा तरी डंक चालंल.’

तर यंदा आम्ही काय केलं? दिवाळीला माल चांगला गेला, डिसेंबरात ४० लाख ओलांडले. पंधरा दिवसांत नोंदणी केली, कंपोझिशन घेतलं. पाटी रंगवून आणली. दोन बाया वाढवल्या, आता तेरा आहोत. मिरचीची बोली लागली आहे आणि यंदा मार्चमध्ये डंक चालू राहणार आहे. विजयपूरवाले परत विचारतायत. पुढच्या वर्षासाठी कंपोझिशनमध्येच राहायचं की पूर्ण नोंदणीत जायचं, हे आम्हाला ३१ मार्चच्या आत ठरवायचं आहे. आमच्यातल्या सात जणी म्हणतात विजयपूर घेऊ, सहा जणी म्हणतात एवढी लिखापढी नको. मी अजून हात वर केलेला नाही.

ज्यांची विक्री २५ लाखांच्या पुढं आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना विक्रीची वही, गटाचं पॅन आणि खरेदीची बिलं आणा. पापडाची विक्री वेगळ्या पानावर लिहून आणा, म्हणजे वेळ जाणार नाही. मी आज चहा होईपर्यंत मागं बसते, कुणाची वही बरोबर असेल तर आत्ताच बघू.